हॉस्पिटल इथे नाही

फ्रिजच्या पोटात बर्फाचे चार खडे धाडकन पडले आणि नोएमीने श्वास रोखला.

पाळण्यातल्या नाचोने एक पाय हवेत उचलला. वर्गात शंका आली आहे, पण विचारावी की नाही हे ठरत नाही, अशा मुलाच्या हातासारखा तो पाय थोडा वेळ तसाच वर राहिला. मग खाली आला. नाचो झोपला होता. नोएमीने श्वास सोडला. दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. नवरा रोहेलिओ कुणाच्या तरी छतावर एसीशी झुंजत होता, साडेचार वर्षांची इत्झेल सकाळची बालवाडी आटोपून येऊन खिडकीत आंबा खात बसली होती, आणि आता पावणेतीनला नाचो उठेपर्यंतचं जग नोएमीच्या एकटीच्या मालकीचं होतं. या मालकीत एक जेवणाचं टेबल, गार झालेली कॉफी आणि औषधांच्या नावांची दोनशे कार्डं एवढा ऐवज होता.

ती कार्डं म्हणजे तिची परीक्षा. औषधांच्या दुकानात सहा वर्षं ती फळ्यांवर शाम्पूच्या बाटल्या लावत होती. परीक्षा पास झाली तर काउंटरच्या मागे, पांढरा कोट घालून उभी राहणार होती. ही तिसरी खेप. दोनदा ती नापास झाली होती, तेही एवढ्या थोड्या गुणांनी की जास्त गुणांनी झाली असती तर बरं, असं वाटावं. या वेळी नाही जमलं तर पुढे सहा महिने बसता येणार नव्हतं, आणि काउंटरमागची रिकामी जागा तोवर तिची वाट बघत थांबणार नव्हती. परीक्षेला सहा आठवडे उरले होते.

तिने पहिलं कार्ड उचललं. तेवढ्यात बाहेर खडी करकरली.

"आली," इत्झेल आंब्यामागून म्हणाली. "लाल गाडी. बाई रडतेय."

नाचोने दोन्ही पाय वर केले आणि गळा काढला.

इथे लूपबद्दल थोडं सांगायला हवं. ह्यूस्टन शहराला लूप नावाच्या हायवेचा वेढा पडलेला आहे. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही, फक्त दुरुस्ती आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या बाजूला साउथ लूप म्हणतात. त्या साउथ लूपचा पश्चिमेकडचा अर्धा भाग म्हणजे साउथ लूप वेस्ट. त्याच्यावरून पूर्वेला निघालेल्या गाड्यांच्या डोक्यावर पाटी असते, ईस्ट. म्हणजे माणूस साउथ लूप वेस्टवरून ईस्टला चाललेला असतो आणि त्याला जायचं असतं उत्तरेला, हॉस्पिटलात. इथेच जन्मलेल्यांना यात काही वावगं वाटत नाही. बाहेरगावचा माणूस मात्र एव्हाना कुठल्याही दिशेवरचा विश्वास गमावून बसलेला असतो, आणि नेमकी तेव्हाच त्याला हॉस्पिटलची निळी पाटी दिसते. घाबरलेला माणूस फोनमधल्या बाईपेक्षा निळ्या पाटीवर जास्त विश्वास ठेवतो. फोनमधली बाई 'पुढे चला, पुढे चला' म्हणत राहते आणि तो वळतो.

रस्त्याच्या कामात ही निळी पाटी कुणीतरी एक एक्झिट अलीकडे आणून लावली होती. वळलेला माणूस सर्व्हिस रोडला लागायचा, पहिल्या उजव्या वळणाला टॅलो लेनमध्ये शिरायचा, आणि टॅलो लेन जिथे संपते तिथे नोएमीचं घर होतं. गाडी वळवायला अख्ख्या गल्लीत तिच्या अंगणातल्या खडीइतकी ऐसपैस जागा दुसरी नव्हती. दुपारी भेटायच्या वेळा असत, म्हणून गर्दीही दुपारीच.

आधी नोएमीने फोन केले. पहिल्या खात्याने सांगितलं की हिरव्या पाट्या आमच्या, निळ्या नाहीत. दुसऱ्याने सांगितलं की निळी पाटी आमचीच, पण खांब आमचा नाही, आणि दुसऱ्याच्या खांबाला आम्हाला हात लावता येत नाही. खांबवाल्यांनी ठेकेदाराचा नंबर दिला. ठेकेदाराकडच्या मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं की आम्ही पाटी लावलेली नाही, फक्त हलवली आहे, आणि हलवलेल्या पाटीची तक्रार घ्यायला आमच्याकडे अर्ज नाही, लावलेल्या पाटीचा आहे. मग तिने नोएमीला थांबायला सांगून सनईसारखं काहीतरी वाजवलं. त्याने नाचो उठला.

"मी एक पाटी लिहून लावते," नोएमी रात्रीच्या जेवणाला म्हणाली. "पुठ्ठ्याची. दोन ओळी."

"लाव की," रोहेलिओ म्हणाला. दिवसभर पन्नास अंशांच्या छतावर बसून आलेला माणूस याहून जास्त बोलत नाही.

दोन ओळी तिने लिहिल्या. 'हॉस्पिटल इथे नाही. बाहेर पडून उजवीकडे, दुसऱ्या सिग्नलला डावीकडे, पुलाखालून.' ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहून पुठ्ठा खांबाला बांधत होती, तोच शेजारचा तियो चेमा चप्पल फटफटवत आला. तीस वर्षं अठरा चाकी ट्रक चालवलेला माणूस. गल्लीत सगळेच त्याला तियो, म्हणजे काका, म्हणून हाक मारत आणि त्याच्यापासून लांब राहत.

"दुसरा सिग्नल कुठला गं, पोरी?"

"पुलाचा, तियो."

"मग पेट्रोल पंपापाशी आहे तो धरला नाहीस?"

"तो पण सिग्नलच ना? मग तिसरा लिहू?"

"छे! तो फक्त पिवळा लुकलुकतो. तो सिग्नल नाही, सल्ला आहे. पण बाहेरगावचा माणूस त्याला सिग्नल समजणार आणि पंपावर डावीकडे वळणार. डावीकडे काय आहे? गटार! मला गटारात गेलेली माणसं दिसतायत."

तियोला गटारात गेलेली माणसं दिसू लागली की थांबवणं कठीण होतं. नोएमीने कंसात 'लुकलुकणारा धरू नये' असं लिहिलं.

मग समोरच्या मिस अर्लीन आल्या. लुइझियानाच्या. वय विचारू नये आणि त्यांनी आणलेलं खायला नाही म्हणू नये, असे त्यांच्याबाबत दोन नियम होते. त्यांनी पाटी वाचली आणि छातीवर हात ठेवला.

"हनी, 'हॉस्पिटल इथे नाही'! असं तोंडावर? कुणाची आई अंथरुणावर असेल. आधी चार शब्द मायेचे नकोत?"

"मिस अर्लीन, पुठ्ठ्यावर जागा नाही."

"मग मोठा पुठ्ठा घे ना, बेबी."

मोठा पुठ्ठा घेतला. 'तुमचा पेशंट लवकर बरा होवो' हे खाली आलं. तियोने बाण काढायला लावले. एका बाणाचं टोक त्याला पसंत पडेना, म्हणून तो स्वतः काढायला बसला आणि बाणाचा ट्रक झाला. पुठ्ठा दवाने वाकला, तेव्हा रोहेलिओने एसीच्या नळीचा उरलेला पत्रा कापून दिला. एवढा मोठा पत्रा खांबाला पेलेना, म्हणून पाटी शेवटी नोएमीच्याच अंगणात, दोन पायांवर उभी राहिली. पाटी आता अशी झाली होती की ती वाचायला गाडी अंगणात आणून थांबवावीच लागे. पूर्वी लोक वळून निघून जात. आता ते इंजिन बंद करून वाचत, आणि वाचून झाल्यावर आभार मानायला बेल वाजवत.

दोनशे कार्डांपैकी अकरा झाली होती. पाच आठवडे उरले होते.

सहाव्या दिवशी रहिवासी संघाचे मिस्टर प्रुइट टेप घेऊन आले. त्यांनी पाटीची उंची मोजली, रुंदी मोजली, पायांमधलं अंतरही मोजलं.

"माझं वैयक्तिक काही म्हणणं नाही, मॅडम," ते म्हणाले. वैयक्तिक काही म्हणणं नसलेल्या माणसाच्या आवाजात जो आनंद असतो, तो त्यांच्या आवाजात होता. "नियमाप्रमाणे अंगणात तीनच प्रकारच्या पाट्या चालतात. घर विकायचं असेल तर. घरातलं कुणी निवडणुकीला उभं असेल तर. किंवा घरातलं मूल शाळेत असेल, आणि तुम्हाला त्याचा अभिमान असेल तर."

"आणि रस्ता सांगायचा असेल तर?"

"रस्ता सांगणं खात्याचं काम आहे, मॅडम."

"कुठल्या?"

मिस्टर प्रुइट टेप गुंडाळण्यात गुंतले.

त्या रात्री रोहेलिओने सर्व पर्यायांचा शांतपणे विचार केला. "घर विकायला काढू या," तो म्हणाला.

"पाटीसाठी?"

"मग तू निवडणुकीला उभी राहा."

नोएमीने त्याच्याकडे बघितलं. असं बघणं लग्नाच्या आठव्या वर्षानंतरच जमतं. मग तिची नजर इत्झेलवर गेली, जी टेबलाखाली बसून मांजराला बालवाडी शिकवत होती.

दुसऱ्या दिवशी पत्र्यावर वरची ओळ नवी होती. 'आमची इत्झेल बालवाडीत आहे! आम्हाला तिचा अभिमान आहे! इत्झेलला माहीत आहे की हॉस्पिटल इथे नाही.' मग उजवीकडे, दुसरा सिग्नल, कंस, डावीकडे, पुलाखालून, पेशंट बरा होवो, आणि ट्रक.

मिस्टर प्रुइटनी ते दोनदा वाचलं. "मूल खरंच बालवाडीत आहे?"

"सकाळच्या वर्गात."

"आणि अभिमान?"

"भरपूर."

"मग कायदेशीर आहे," ते म्हणाले आणि दुखावलेल्या मनाने निघून गेले. दुखावला होता तो नियम. पण त्याला मन नसल्यामुळे त्यांनी आपलं दिलं होतं.

यानंतर जे व्हायचं ते झालं. माणसं आता बेल वाजवून विचारू लागली, "इत्झेल कोण?" एका आजीने तिचे गाल ओढले. एका माणसाने हॉस्पिटलसाठी घेतलेल्या फुग्यांतला एक फुगा तिला देऊन टाकला. इत्झेलला वाचता येत नव्हतं, पण तिने ते सगळं पाठ केलं होतं, आणि ज्याला वाचता येत होतं त्यालाही ती वाचू देत नसे. पाटीजवळ ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या बर्फाच्या पेटीवर बसून, पाय हलवत, ती इंग्रजीतून सांगे, समोरच्याचा चेहरा बघून स्पॅनिशमधून सांगे, आणि शेवटी बोट वर करून म्हणे, "लुकलुकणारा धरायचा नाही. तो सल्ला आहे." अनोळखी माणसांत तिला एकटं कसं बसवणार? म्हणून नोएमीही कार्डं घेऊन बाहेर पायरीवर बसू लागली. मधल्या मधे नाचोला खडीच्या आवाजाची सवय होऊन गेली. आता बराच वेळ गाडी आली नाही, तर तोच चुळबुळायचा.

एका मंगळवारी एक जुना पिकअप आला आणि पाटीसमोर उभा राहिला. आत हॅट घातलेले एक म्हातारे गृहस्थ सरळ समोर बघत बसले होते. पाटीकडे त्यांनी मानही वळवली नाही. बराच वेळ गेला तेव्हा नोएमी उठून काचेशी गेली.

"पाटी वाचलीत का, सर?"

"गाडी मी चालवतो," ते म्हणाले. "पाट्या अल्बिना वाचते. एक्केचाळीस वर्षं झाली."

"मग त्या कुठे आहेत?"

"हॉस्पिटलात. म्हणून तर इथे आलो."

इत्झेल पेटीवरून उतरली. तिने सगळं म्हणून दाखवलं. त्यांनी हॅट काढून ऐकलं, आभार मानले आणि गेले. शुक्रवारी पुन्हा आले. पुढच्या मंगळवारी पुन्हा, आणि या वेळी सोबत कोलाचेचा डबा होता, मधोमध जर्दाळूचा मुरांबा घातलेले गोल पाव. त्यांचं नाव मिस्टर कुबेना. दोन तासांवरच्या एका गावात त्यांची गुरं होती आणि सगळं गाव मूळचं युरोपातल्या चेक लोकांचं.

"अजून रस्ता नाही कळला?" नोएमीने विचारलं. तिच्या आवाजात थोडा थकवा होता आणि तोंडात कोलाचे.

"कळलाय की. पण निळी पाटी दिसते ना. अल्बिना असती तर म्हणाली असती, 'वळ, यान.' पाटी बघून न वळायची हिंमत होत नाही मला."

बोलता बोलता त्यांनी पायरीवरून घसरलेलं कार्ड उचललं आणि एकेक अक्षर लावून वाचलं. "मे-टो-प्रो-लॉल. ही अल्बिनाची! सकाळी अर्धी. आधी नाडी बघायची, साठच्या खाली असेल तर द्यायची नाही, विचारायचं."

नोएमीने कार्ड उलटलं. मागे अगदी तेच लिहिलं होतं, फक्त इतकं चांगलं नाही.

मिस्टर कुबेनांच्या हॅटच्या आत घडी घातलेली यादी असे. सतरा औषधं. मग ते मंगळवारी आणि शुक्रवारी अर्धा तास लवकर निघू लागले. चुकायला वेळ हवा म्हणून, असं ते म्हणत. पायरीवर बसून ते कार्ड वाचत आणि ती उत्तर देई. एक्केचाळीस वर्षं दुसऱ्याने वाचून दाखवलेलं ऐकलेला माणूस वाचतो तितक्या सावकाश ते वाचत, आणि त्या सावकाशीत नाव डोक्यात जाऊन बसे. "फ्यु-रो-से-माइड. ही घेतली की घरापासून चर्चपर्यंत तीनदा थांबावं लागतं. तिसरं झुडूप तिच्या आवडीचं." तियो चेमाही खुर्ची घेऊन येऊ लागला आणि प्रत्येक औषध आपण एकदा घेतलेलं आहे असं सांगू लागला, त्यात गरोदरपणातल्या गोळ्याही आल्या. मिस अर्लीन कोलाचेत दालचिनी कमी आहे असं म्हणून तीन तीन खात. दीडशे कार्डं झाली. एकशे ऐंशी झाली.

परीक्षा शुक्रवारी होती. त्याआधीच्या मंगळवारी मिस्टर कुबेना आले ते हसतच.

"बातमी चांगली आहे! औषधं कमी केली तिची. सतरा होती ना? आता दोनच."

हॅटमधून नवी यादी निघाली. नोएमीने ती वाचली. दोन्ही नावं तिच्या कार्डांत होती, एक वेदनेवरचं, एक शांत झोपेचं, आणि दोन्ही कार्डांच्या मागे काय लिहिलं आहे ते तिला न उलटता सांगता आलं असतं. तिने यादी घडीवर घडी पाडून परत दिली.

"चांगलं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"सतरा म्हणजे खूपच असतात," इत्झेल म्हणाली.

"कोलाचे गरम करून आणते," नोएमी म्हणाली आणि आत गेली. कोलाचे गरम व्हायला पंधरा सेकंद पुरतात. त्या दिवशी मायक्रोवेव्ह बराच वेळ फिरत राहिला.

बाहेर आली तेव्हा ते निघायच्या तयारीत होते. तिने आपल्या डब्यात फ्रिजमधले सहा तमाले, मक्याच्या पानात उकडलेले, भरून दिले. "त्यांच्याजवळ बसून खा," ती म्हणाली. "आज चुकू नका, सर. सरळ जा."

"शुक्रवारी सांग हं पेपर कसा गेला ते," ते गाडीतून म्हणाले.

"शुक्रवारी मी तिकडे असेन. मंगळवारी सांगते."

परीक्षेचं केंद्र नॉर्थ लूप वेस्टवर होतं. त्याबद्दल एवढंच, की ती तासभर आधी निघाली आणि चार मिनिटं आधी पोहोचली. नववा प्रश्न फ्युरोसेमाइडचा होता. उत्तराच्या चारही पर्यायांत झुडूप नव्हतं, तरी तिला बरोबर उत्तर सापडलं. शेवटी पडद्यावर 'उत्तीर्ण' असं आलं, तेव्हा तिने आजूबाजूला बघितलं. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं आणि तिथे फक्त मनाई होती, बोलायला.

घरी आली तर पायरीवर मिस अर्लीन नाचोला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी किंचाळून तिला मिठी मारली, नाचो मधे चेपला.

"मिस्टर कुबेना आले होते?"

"आज कुणीच आलं नाही, हनी. एकही गाडी नाही."

"येतील कसे?" तियो चेमा कुंपणावरून म्हणाला. "काल संध्याकाळी निळी पाटी हलवली ना. बरोबर जागी लावली, पुढच्या एक्झिटला. मी स्वतः बघितलं. दोन माणसं, एक शिडी, अकरा मिनिटं." मग खिन्नपणे म्हणाला, "खांबाला काही विचारलंसुद्धा नाही कुणी."

शनिवारी मिस्टर प्रुइट अभिनंदन करायला आले. आता या पत्र्याचा तसा उपयोग नाही, असं त्यांनी सांगितलं; पण मूल शाळेत आहे तोवर त्यांची हरकत नव्हती. जाताना त्यांनी वाकून त्याचा एक पाय सरळ केला.

मंगळवारी नोएमीने पांढरा कोट खुर्चीच्या पाठीवर टांगून ठेवला होता, दाखवायला म्हणून. कोलाचेचा डबा धुऊन, पुसून, आत तमाले भरून टेबलावर ठेवला होता. दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली. मग दीड वाजला. गल्ली इतकी शांत होती की नाचोला झोप लागेना. तो पाळण्यात उताणा पडून छताकडे बघत होता. एवढी दुपार तिला सहा वर्षांत मिळाली नव्हती आणि तिचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. ती कार्डांची चवड लावत बसली. दोन कार्डं तिने चवडीत सर्वांत खाली घातली.

इत्झेल बाहेर बर्फाच्या पेटीवर बसली होती. दोन वाजता तिने पेटी ओढत दाराशी आणली. पावणेतीनला ती आत आली, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून तिने डब्याकडे बघितलं.

फ्रिजच्या पोटात बर्फाचे खडे पडले. कुणीच दचकलं नाही.

"मॉमी," ती म्हणाली, "मिस्टर कुबेनांना आता बरोबर रस्ता सापडतो म्हणून ते येत नाहीत, का त्यांचं हॉस्पिटल संपलं?"